शेरा सविस्तर लिहावा

एका चौकोनात खूण करायची नव्हती, ती मी केली. चूक एवढीच. त्यामुळे एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, याकूबचाचा तांबोळींनी सात वर्षांत लिहिलेलं सगळं आमच्या संस्थेतल्या तेवीस माणसांच्या मोबाईलवर आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोरच्या भिंतीवर येऊन आदळायला लागलं. दर सेकंदाला एक.

याकूबचाचा कोण, ते आधी सांगतो. माझी अक्कल पुढे ओघानं येईलच.

आमची संस्था जमिनीखालच्या पाण्यावर काम करते. मुख्य ऑफिस नगरला. शहराचं नाव बदललं, आम्ही पाटीही बदलली, तोंडातून मात्र अजून नगरच येतं. काम अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावांत. तिथल्या वीस विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजायची, आणि मोजणारा माणूस म्हणजे राजूरचे याकूबचाचा. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळे, कानावर पेन्सिलीऐवजी खडूचा तुकडा, आणि बुडाखाली एक मोपेड, जी चढावर ते स्वतः ढकलायचे आणि उतारावर ती त्यांना ढकलायची.

हा माणूस विहिरीला विचारल्याशिवाय टेप खाली सोडत नाही.

थट्टा नाही. कठड्यावर वाकायचं, दोन्ही हात तोंडाशी धरायचे आणि आत म्हणायचं, "येऊ का?" मग थांबायचं. आतून घुमत घुमत "का... का..." असं वर आलं की मान डोलवायची आणि कामाला लागायचं. टेपच्या टोकाकडच्या हातभर भागाला फळ्यावरचा खडू फासायचा, टेप पाण्यात बुडेपर्यंत सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठवर भिजला ते बघायचं. वजाबाकी केली की पातळी. यात एक गंमत आहे, गंमत म्हणजे आमच्या धंद्यातली: आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. त्यामुळे आमच्याकडे वाढीची बातमी कुणी हसून सांगत नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ओली रेघ बघून म्हटलं, "पाच चाळीस धरा चाचा."

"पाच एकोनचाळीस हाय."

"एका सेंटिमीटरनं काय होतंय?"

"इहीर खोटं बोलंना, आपन का बोलायचं? नोंद घ्यावी."

हे 'नोंद घ्यावी' त्यांचं ठेवणीतलं. ऑफिसच्या पत्रांतून ते त्यांच्या तोंडात शिरलं आणि तिथंच राहिलं. हॉटेलात पहिला घोट घेऊन, "चहात आलं न्हाई. नोंद घ्यावी." एसटीत, "गाडी धा मिंटं उशिरा. नोंद घ्यावी." राजूरच्या कंडक्टरांना सवय झालेली. ते तिकीट फाडत म्हणायचे, "घेतली चाचा, बसा आता."

या माणसाला आदेश दिला की तो पाळतो, आणि पाळायचा थांबत नाही. फार पूर्वी, कागदाच्या जमान्यात, आमच्या ऑफिसात भालेराव मॅडम होत्या. गावोगावच्या मोजणाऱ्यांचे फॉर्म त्यांच्या टेबलावर यायचे. फॉर्मवर चार रकाने: तारीख, विहीर क्रमांक, पातळी आणि शेवटी शेरा. शेऱ्यात सगळे 'निरंक' लिहायचे, किंवा तेही नाही. मॅडमनी एकदा वैतागून बारा मोजणाऱ्यांना लाल पेनानं एक ओळ लिहून पाठवली: शेरा सविस्तर लिहावा. अकरा जणांनी ती वाचून ठेवून दिली. बाराव्यानं ती प्लॅस्टिकमध्ये घालून टेपच्या डबीच्या झाकणात आतून चिकटवली, आणि त्या दिवसापासून शेरा सविस्तर लिहायला घेतला.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भालेराव मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी मी आलो. फॉर्म जाऊन वर्षभरापूर्वीच टॅब आले होते. चाचा विहिरीपाशी टॅबवर नोंद करायचे आणि ती थेट ऑफिसच्या डेटाबेसमध्ये यायची. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तक्ता पडद्यावर मावत नाही. शेवटचा रकाना अस्ताव्यस्त रुंद, ओळी फुगलेल्या, आकडे कुठच्या कुठे. मी त्या रकान्यावर टिचकी मारली. 'लपवा' असा पर्याय आला. लपवला. तक्ता कसा सडपातळ दिसायला लागला! त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की दोन चहा घेतले.

पुढच्याच वर्षी एकदा चाचांच्या विहिरींची मोजणी दोन दिवस उशिरा आली. नव्या साहेबाला दरारा बसवायचा असतो. मी पत्र धाडलं: 'विलंबाचा लेखी खुलासा करावा.' उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं: 'खुलासा शेऱ्यात आहे. नोंद घ्यावी.'

मला तो उद्धटपणा वाटला. पण किस्सा म्हणून झकास होता. कितीतरी वर्षं मी तो चहाच्या वेळी सांगितला, चाचांची नक्कल करून, हात तोंडाशी धरून. नव्या माणसाला तर आवर्जून. लोक हसायचे. शेऱ्यात काय होतं ते बघावं असं मला एकदाही वाटलं नाही.

आता चौकोनाकडे येतो.

आमचे संचालक साळुंके साहेब. ते एका प्रशिक्षणाला जाऊन आले आणि त्यांनी फर्मान काढलं की यापुढे संस्थेचं बोलणं एका टीम-चॅट ॲपवर होईल, आणि विहिरीची पातळी नोंदली की ती आपोआप तिथं सगळ्यांना दिसेल. पुण्याहून पाहुणे येणार होते. विहिरींत आपोआप मोजणारी यंत्रं बसवायची की नाही, ते ठरवायला. आपण किती पुढारलेले आहोत हे त्यांना भिंतीवर दाखवायचं होतं.

"जमेल ना तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"हातचा मळ आहे," मी म्हणालो. माझ्या हाताला तो मळ तोवर लागलेला नव्हता.

ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांच्यासाठी आता एक सोय निघाली आहे. पडद्यावर डबे असतात. एका डब्यात सांगायचं, असं घडलं की. दुसऱ्यात सांगायचं, तसं कर. मध्ये बाण ओढायचा. रांगोळी येणाऱ्या कुणालाही यावं असं काम. मी पहिल्या डब्यात लिहिलं, डेटाबेसमध्ये राजूरच्या विहिरींची नोंद आली की. दुसऱ्यात, ती चॅटवर टाक. मधे त्यानं विचारलं, कोणते रकाने? मी म्हटलं, सगळे. माझ्या पडद्यावर तीनच तर होते. पडद्यावर लपवलेलं डेटाबेसमध्ये तसंच असतं, हे शाळकरी ज्ञान मला नव्हतं. मग खाली एक चौकोन आला: जुन्या नोंदींपासून सुरुवात करायची का? अर्धवट काम मला आवडत नाही. केली खूण.

मंगळवारी अकरा वाजता पाहुणे बसले. साहेबांनी दोन शब्द सांगितले. मी ऐटीत बटण दाबलं. भिंतीवर उमटलं:

विहीर क्र. ४. पातळी ३.१२. शेरा: मॅडम, विहिरीत चप्पल तरंगत आहे. डाव्या पायाची, लहान मुलाची. नोंद घ्यावी.

विहीर क्र. ५. पातळी ४.४०. शेरा: उजवी चप्पल इथे नाही.

विहीर क्र. ६. पातळी ३.८७. शेरा: इथेही नाही.

खोलीत हशा पिकला. पाहुणेही हसले. प्रत्येक नोंदीला तेवीस मोबाईल टुंग करत होते. मी 'थांबवा' असं काही कुठे दिसतं का ते शोधायला लागलो.

विहीर क्र. ९. पातळी ५.०२. शेरा: मॅडमनी मागच्या फॉर्मवर स्वेटर घाला असे लिहिले होते. घातला आहे. एक बाही लांब आहे.

विहीर क्र. ११. पातळी ४.६६. शेरा: ऑफिसातून नवे साहेब पाहणीला आले. हुशार वाटतात. वाकून बघताना त्यांच्या खिशातला पेन विहिरीत पडला. पातळी पेन पडण्याआधीची आहे.

हा हशा फार वेळ चालला. साळुंके साहेबसुद्धा हसले, आणि ते हसतात तेव्हा मला पुढच्या महिन्याची काळजी वाटते.

विहीर क्र. १३. पातळी ५.५०. शेरा: टॅबवर लिहीत असल्याने मॅडमचे लाल पेन दिसत नाही. वाचत असाल असे धरून लिहीत आहे.

विहीर क्र. २. पातळी ६.७१. शेरा: मोजणी दोन दिवस उशिरा. अम्मी शुक्रवारी गेली. दफन झाल्यावर निघालो. आज विहिरीला विचारायचे राहिले मॅडम, आवाज निघाला नाही. पातळी बरोबर आहे. दोनदा बघितली.

हसणं एकदम थांबलं नाही. ज्यांनी आधी वाचलं ते आधी गप्प झाले, मग बाकीचे.

मी प्रोजेक्टरची वायर उपटली. भिंत पांढरी झाली. मोबाईल टुंग टुंग करत राहिले. कुणी खिशावर हात दाबला, कुणी मोबाईल उलटा ठेवला. मला बटण सापडायला पाऊण तास लागला, तोवर चाचांची पाच वर्षं येऊन पडली होती.

राजूरच्या आमच्या केंद्रावर सुरेखा भांगरे आहे. चाचांचं काम तीच बघते. तिनं नंतर सांगितलं की त्या वेळी चाचा एका विहिरीच्या कठड्यावर बसले होते आणि त्यांचाही टॅब वाजत होता. चॅटच्या यादीत त्यांचंही नाव होतं ना. ज्या ज्या गोष्टी त्यांनी एका माणसाला लिहिल्या होत्या, त्या सगळ्या एकामागून एक त्यांच्याकडेच परत येत होत्या.

दुपारी चॅटवर त्यांचा प्रश्न आला: "भालेराव मॅडमचं नाव ह्या यादीत दिसत न्हाई."

मी घाबराघुबरा होऊन सगळ्यांची माफी मागत बसलो होतो. त्याच घाईत लिहून टाकलं: "त्या सहा वर्षांपूर्वी रिटायर झाल्या."

थोड्या वेळानं: "मंग शेरे कोन वाचत हुतं?"

पडद्यावर दिसत होतं की तीन-चार जण काहीतरी लिहितायत. लिहीत होते, थांबत होते. पाठवलं कुणीच नाही.

मग चाचांनीच लिहिलं: "नोंद घेतली."

त्या पंधरवड्यात वीस विहिरींच्या वीस नोंदी वेळेवर आल्या. मी रकाना आता उघडा ठेवला होता. त्यात खालपर्यंत एकच शब्द होता. निरंक.

मी राजूरला गेलो. आभाळ चार दिवस झाकलेलं होतं, पाऊस नाही आणि ऊनही नाही. डोंगर अर्ध्यावर पुसून टाकल्यासारखे. चाचा विहीर क्रमांक दोनवर सापडले. मला बघून टोपी नीट केली, बसायला कठड्यावर रुमाल टाकला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"चाचा, माझी चूक झाली," मी म्हणालो.

"चूक मशिनीची. तुमी कशाला वाईट वाटून घेता?" आणि टेप सोडायला लागले. न विचारताच.

"आज विचारलं नाही विहिरीला?"

"कशापायी? ती काय हो म्हनती का न्हाई? आपलाच आवाज आसतो, साहेब."

मला काय सुचलं कोण जाणे. मी वाकलो, हात तोंडाशी धरले आणि ओरडलो, "येऊ का?" इतकी वर्षं जी नक्कल करून लोकांना हसवलं, तीच. विहीर घुमली. चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वजाबाकी करत म्हणाले, "ती तुमाला वळखत न्हाई."

निघताना मी म्हटलं, "शेरा लिहीत चला, चाचा. मी वाचतो आता."

त्यांनी टेप पुसून डबीत ठेवली, झाकण लावलं. "तुमाला काय लिवू? तुमी खुलासा मागता."

भालेराव मॅडम नगरमध्येच, सावेडीला राहतात हे मला ऑफिसच्या जुन्या शिपायाकडून कळलं. दार त्यांनीच उघडलं. बाई ताठ, केस पांढरे, नजर माझ्या कानाच्या थोडी पलीकडे.

"कोण? आवाजावरून ओळखीचे नाही वाटत."

काचबिंदूनं दृष्टी गेली होती. उजेड-अंधार तेवढा कळायचा. मुलगा परदेशात, कामाला बाई येऊन जाते. मी नाव सांगितलं, ऑफिस सांगितलं. तांबोळी म्हटल्यावर मात्र त्या खुर्चीच्या कडेला येऊन बसल्या.

"तो तांबोळी? राजूरचा? अजून लिहितो?"

"लिहीत होते."

"बारा जणांना पाठवलं होतं मी. हा एकटा निघाला आज्ञाधारक. चार पानं लिहायचा. मी दटावायला म्हणून लाल पेन घेतलं, आणि मग काय लिहावं कळेना, म्हणून 'स्वेटर घाला' लिहिलं." त्या हसल्या. "कधी भेट नाही. फोन नाही. त्याच्या आईच्या गुडघ्यावर आमची वर्षभर चर्चा चालली होती. कसा आहे गुडघा?"

मला सांगावं लागलं. सांगताना खुलाशाच्या पत्राचंही सांगितलं. तेही सांगायला हवं होतं असं नाही, पण एकदा लपवणं सोडलं की कुठं थांबायचं ते कळत नाही.

 बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"निवृत्तीच्या दिवशी त्याला एक ओळ लिहायला हवी होती मी," त्या म्हणाल्या. "नारळ, शाल, फोटो. राहून गेलं. म्हटलं, नवीन येणारा वाचेलच की."

नवीन आलेला समोर बसून बिस्कीट खात होता. ते त्यानं बशीत परत ठेवलं.

मी ठरवलं, आता हे धसास लावायचंच. घरी जाऊन पुन्हा डबे मांडले. चाचांची नोंद आली की शेरा उचल, त्याचा आवाज कर, मॅडमच्या मोबाईलवर पाठव. चौकोन तीनदा तपासला. दुसऱ्या दिवशी जुना एक शेरा त्यांना ऐकवला. रेल्वे स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात मोबाईल म्हणाला, "उजवी. चप्पल. इथे. नाही."

"बंद करा," मॅडम म्हणाल्या. "ही बाई कोण?"

"यंत्र आहे."

"तिला म्हणावं, तुझी चप्पल नव्हे ती." मग म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येतं ना? मग तुम्हीच वाचा."

वाचण्यासारखं नवीन काही यायला हवं होतं, आणि तिकडे निरंक. मी चॅटवर लिहिलं की भालेराव मॅडम तुमचे शेरे ऐकायला तयार आहेत. उत्तर आलं नाही. सुरेखा फोनवर म्हणाली, "त्यांना वाटतंय तुम्ही समजूत काढताय. तुमचं खरं कसं धरायचं सर त्यांनी?"

तेव्हा मी बाजारातून लाल पेन आणलं. मॅडमच्या हातात दिलं, पुढ्यात कागद ठेवला, कड बोटाला लावून दिली. त्यांनी तीच जुनी ओळ लिहिली. पहिला शब्द जागेवर बसला, दुसरा वर चढला, तिसरा कागद सोडून टेबलावर गेला. मी म्हटलं, दुसरा कागद देतो. त्या म्हणाल्या, "नको. आहे ते आहे."

ते घेऊन पुन्हा राजूर. बाजाराचा दिवस होता. चाचांची खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला दोन स्वेटर, एकाची बाही लांब. स्टोव्हशेजारी ताटात दोन भाकरी होत्या, एक झाकलेली. कुणी येणार आहे का विचारलं, तर म्हणाले, "न्हाई. सवय हाय."

मी कागद दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला. टेपची डबी आणली, झाकण उघडलं, आतल्या जुन्या ओळीशेजारी नवी धरली. मी तयारीनं आलो होतो: सही मागतील, पुरावा मागतील, खोटं म्हणतील. त्यांनी फक्त वर चढत गेलेल्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"मॅडमचे डोळे गेले?"

"हो."

"कवापास्नं?"

"चारेक वर्षं झाली."

"मंग आधीची दोन वर्षं वाचता आलं आसतं त्यानला," चाचा म्हणाले. हे माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. खिडकीकडे बघून म्हणाले. 

पाहुण्यांचा निर्णयही त्याच सुमाराला आला. पुढच्या जूनपासून विहिरींत यंत्रं बसणार. दर तासाला पातळी आपोआप येईल, खडू नको, टेप नको, मोपेड नको. यंत्राच्या तक्त्यात तारीख आहे, क्रमांक आहे, पातळी आहे. मी शोधून बघितलं, शेऱ्याचा रकाना नाही. साळुंके साहेबांना म्हटलं, एक रकाना वाढवता येईल. ते म्हणाले, "यंत्र काय लिहिणार त्यात?"

म्हणजे आता जूनपर्यंतचे पंधरवडे. मी ते मोजलेले नाहीत.

पुढच्या फेरीची नोंद आली तेव्हा मी ती छापून घेतली आणि सावेडीला गेलो. मॅडमनी केस विंचरले होते. घरात कुणी येणार असल्यासारखी दुसरी खुर्ची पुढे ओढून ठेवली होती.

मी वाचायला लागलो.

"विहीर क्रमांक दोन. पातळी सात वीस. शेरा: मॅडम, आदेश मिळाला. अक्षर ओळखले. पाणी मागच्या सालापेक्षा अर्धा मीटर खाली आहे. विहिरीला आज विचारले. आवाज खालून येतो त्यामुळे उत्तर यायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, थांबावे लागते. अम्मीचे आपल्याला आता कळले असेल. गुडघा शेवटपर्यंत तसाच होता. आपण सांगितलेले तेल लावत होतो..."

इथं मी थोडा थांबलो, घसा साफ केला आणि पुढे गेलो. "...स्वेटरची बाही आत दुमडली आहे. आपण डोळ्यांना जपावे. नोंद घ्यावी."

 मॅडम बोटानं खुर्चीच्या हातावर काहीतरी गिरवत होत्या. बाहेर दिवस असाच मळकट होता. मग म्हणाल्या, "तेल आणि बाहीच्या मध्ये काहीतरी गाळलंत तुम्ही."

"नाही हो."

"घसा साफ केलात. वाचा ते."

मी कागद जवळ धरला. मजकूर स्पष्ट होता, अक्षर टॅबचंच होतं, न लागण्यासारखं काही नव्हतं.

"हे शेरे ते साहेब आपणास वाचून दाखवणार असे समजते. माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या सोयीचे तेवढेच बघतो. पूर्ण वाचतो की नाही यावर लक्ष ठेवावे."

"बरोबर लिहिलंय त्यानं," मॅडम म्हणाल्या. "आता विहीर क्रमांक तीन. आणि तोंडातलं बिस्कीट संपवून वाचा."